तानूआक्का आणि मेंढराचा सरकारी दर

तानूआक्काला रुपये मोजता येत नाहीत, असा तुमचा समज व्हायला नको. किराणा दुकानदारानं सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट टेकवलं, तर ती ते चॉकलेट जपून ठेवते आणि पुढच्या खेपेला मिठाचे पैसे त्याला चॉकलेटांत देते. हिशोबाला इतकी पक्की बाई मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. पण आकडा पाच हजारांच्या पुढं गेला आणि त्यातून तो सरकारी असला, की तिचा रुपयावरचा विश्वास उडतो. मग ती एकच प्रश्न विचारते, "म्हंजी किती मेंढरं?"

मी ग्रामसेवक. हल्ली आमचं पद बदलून भारदस्त केलंय, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. मी मूळचा मेढ्याकडचा. आमच्याकडं पावसाळ्यात वाळत घातलेला सदरा दिवाळीला वाळतो. तिथून माझी बदली झाली ती थेट सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, जिथं पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझा परत बदलीचा अर्ज अजून वर पडलेला आहे आणि साहेब लोक वाचतात.

तर पहिली ग्रामसभा. कायदा असा आहे की ग्रामपंचायतीनं पैसा कुठून आणला आणि कुठं घातला, हे गावापुढं वाचून दाखवायचं. सभेला ठरावीक माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची. आणि गंमत पुढं आहे. तहकूब झालेली सभा परत घेतली, तर तिला मात्र माणसं मोजावी लागत नाहीत. त्यामुळं आमच्या गावाची रीत ठरलेली होती. सभा बोलवायची, कुणी यायचं नाही, तहकूब करायची, आणि आठवड्यानं सरपंच आबा, शिपाई आणि मी अशा तिघांनी चहा पीत अख्ख्या वर्षाचा खर्च मंजूर करायचा. सगळं कसं उघड, कायदेशीर आणि बिनबोभाट.

त्या तहकूब सभेच्या दिवशीही चहा आला, मी कागद काढला आणि दाराशी सावली पडली. खांद्यावर घोंगडं, कपाळावर भंडारा, हातात काठी. सत्तरीची बाई आत आली, पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "व्हा सुरू."

मी सुरू झालो. ग्रामसेवकाचं एक वाचन असतं. त्यात शब्द ऐकू येतात, पण कळत नाहीत. वीस वर्षांच्या सरावानं ते जमतं. मी तसं अर्धं पान ओढलं आणि काठी जमिनीवर आपटली.

"आवं भाऊसायेब, घरला आग लागल्यागत का वाचताय? ते दिव्याचं काय म्हणलासा?"

"पथदिवे दुरुस्ती. चोपन्न हजार."

"म्हंजी किती मेंढरं?"

मी आबांकडं पाहिलं. आबांनी छताकडं पाहिलं. आबा मोठा गोड माणूस, कुठल्याही कामाला नाही म्हणत नाहीत आणि कुठलंही काम करत नाहीत.

"चांगलं मेंढरू नऊ हजाराला धरा," आक्काच म्हणाली.

मी बोटं मोजली. "सहा."

"सा मेंढरं!" आक्काचा आवाज चढला. "गावात दिवं किती लागत्यात? तीन. त्यातला एक आबाच्या दारात. एका दिव्यानं दोन मेंढरं खाल्ली? लांडगा बी येवडं खात न्हाई. बरं, फुडं?"

पुढं शाई आणि छपाई होती, अठरा हजार, म्हणजे दोन मेंढरं. त्यावर तिनं आम्ही शाईनं भिंती रंगवतो का, असं विचारलं. मग आलं सभेचं चहापान, साडेतेरा हजार. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दीड मेंढरू." आक्कानं फक्त आमच्या हातातल्या कपांकडं पाहिलं. मी माझा कप हळूच कागदाआड सरकवला.

शेवटी ती मुद्द्यावर आली. "मेंढराच्या हौदाचं काय झालं?"

गावाबाहेरच्या माळावरून धनगरांची जुनी वाट जाते. तिथलं तळं गाळानं भरून कोरडं पडलं होतं. त्या जागी जनावरांना पाणी प्यायला एक हौद बांधावा, हे आक्काचं मागणं. तीन वर्षं ते आराखड्यात होतं आणि तीन वर्षं त्याच्यापुढं एकच शेरा होता, 'पुढील वर्षी प्रस्तावित.' मी तो वाचला. आक्का उठली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि जाता जाता म्हणाली, "फुडल्या सालाला मी आसंन का नसंन, पर तुमाला सुखानं चहा पिऊ देत न्हाई." आणि बाईनं शब्द पाळला.

आता हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कसं? सांगलीहून एकदा माहितीच्या अधिकाराचं शिबिर घ्यायला एक तरुण मुलगी आली होती. मसालेभात होता म्हणून गाव लोटलं आणि भात संपल्यावर गाव उठलं. मागं राहिली एकटी तानूआक्का. मुलगी बिचारी मन लावून सांगत होती. कलम चार म्हणतं की कचेरीनं पैशाचा हिशोब कुणी न विचारता आपणहून सांगितला पाहिजे, आणि लोकांना समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे. आक्कानं विचारलं, "मला समजंल आशा भाषंत? मला?" मुलगी म्हणाली, "हो आजी, तुम्हालाच." ती मुलगी संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला गेली. भोगतोय मी.

तेव्हापासून तानूआक्काला कलम चार सगळ्या जगाला लागू आहे. एसटी दोन तास उशिरा आली तर ती दारात उभी राहून कंडक्टरला म्हणते, "कलम च्यार! उशीर का झाला ते समजंल आसं सांग, मगच मी चढती." आणि ती चढल्याशिवाय दार लागत नाही. एकदा कंडक्टरनं टायर, जॅक आणि साहेब या तिन्हींची कहाणी सांगितली, तेव्हा गाडी आणखी वीस मिनिटं उशिरा सुटली.

एका लग्नात माईकवर आहेर पुकारणं चाललं होतं. अमक्या मामांकडून पितळी घागर, तमक्या पाहुण्यांकडून पाचशे एक. आक्का सरळ माईकपाशी गेली. "आल्यालं समदं पुकारताय, मग गेल्यालं का न्हाई? मांडवाला किती मेंढरं गेली ते बी सांगा!" मुलीचा बाप लाजला, पण आता माईक तिच्या हातात, करतो काय? त्यानं आकडा सांगितला. पंगतीतून एक पाहुणा ताडकन उठला आणि ओरडला, "आरं, माज्या पोरीच्या लग्नाला ह्याच मांडववाल्यानं ह्याच मांडवाचं निम्मं घेतलं हुतं!" मांडववाला मागच्या खांबाआड पुऱ्या खात होता. त्याला धरून आणला आणि पैसे कमी करूनच सोडला. आक्काला त्या लग्नात दोन लाडू जास्त मिळाले.

कहर झाला तो बिरोबाच्या जत्रेत. आमच्याकडं जत्रेत भाकणूक होते. अंगात आलेला भगत येत्या सालाचा पाऊसपाणी सांगतो, आणि तो सांगतो देवाच्या भाषेत. हळद उधळली, ढोल थांबले, भगत घुमत म्हणाला, "मेघराजा कांबळ्याच्या पदरानं ईल, उगवतीला हसंल, मावळतीला रुसंल!" सगळ्यांनी हात जोडले. आक्का म्हणाली, "देवा, कलम च्यार. बाजरी पेरू का नको?"

देवाच्याही अंगावर असा प्रसंग कधी आला नसावा. भगताचा एक डोळा उघडला, त्यानं आक्काला ओळखलं आणि डोळा मिटून झटक्यात म्हणाला, "पेर, पर उशिरा पेर!" इतकी स्पष्ट भाकणूक त्या देवळात कधी झाली नव्हती, असं जुनी माणसं सांगतात.

हळूहळू ग्रामसभेला गर्दी व्हायला लागली. लोक हिशोब ऐकायला नव्हे, आक्काला ऐकायला यायचे. पण आले की हिशोबही कानावर पडायचा. 'वित्त आयोगाचा अबंधित निधी' म्हटलं की आधी जांभया यायच्या. आता 'अकरा मेंढरं' म्हटलं की मागच्या ओळीतला म्हातारा विचारायचा, "कुटं गेली ती?" सभा तहकूब व्हायची बंद झाली. आबा खंगत चालले.

आबांनी मग वाद काढला. "आक्का, मेंढराला काय एक भाव आसतुया? रोडकं येगळं, जातिवंत येगळं. ह्यो हिशोब कायदेशीर न्हाई."

आक्का म्हणाली, "मग ठराव करा."

आणि मित्रहो, आम्ही ठराव केला. माझ्याच हातानं लिहिलाय: 'सर्वानुमते ठरले की, ग्रामसभेत हिशोब समजावून देणेकामी एक निरोगी, दोन दाती, पायाने शाबूत मेंढरू रुपये नऊ हजार फक्त असे धरण्यात यावे.' खाली सूचक, अनुमोदक आणि सरपंचांची सही. मेंढराला असा सरकारी दर असलेली ग्रामपंचायत दुसरी असेल तर मला कळवा.

तिथून माझी साडेसाती सुरू झाली. मी हिशोबाच्या दोन प्रती करायला लागलो. एक रुपयांची, तालुक्याला पाठवायला. दुसरी मेंढरांची, गावात वाचायला. शेवटच्या दिवशी वीज जायच्या घाईत मी कुठली पाठवली असेल? बरोबर. तालुक्याच्या कचेरीत, जावक क्रमांकासहित, शिक्क्यासहित पोचलं: पथदिवे दुरुस्ती, सहा मेंढरे. शाई व छपाई, दोन मेंढरे. चहापान, दीड मेंढरू.

मला वाटलं आता नोकरी गेली. पण सरकारी कचेरी कागदावर अविश्वास दाखवत नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून, आपले ग्रामपंचायतीकडील मेंढरांचे लसीकरण झालेबाबतचा दाखला सादर करावा. तसेच चहापानाचे वेळी अर्धे मेंढरू कोणत्या परिस्थितीत झाले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांचे आत करावा.'

मी डोक्याला हात लावून बसलो. पत्र आबांनी वाचलं आणि खुर्चीतून घसरेपर्यंत हसले. पुष्कळ महिन्यांनी त्यांना हसू फुटलं होतं, म्हणून मीही हसलो. तेवढ्यात दारात जीप थांबली. खुलाशाची वाट न पाहता विस्तार अधिकारी स्वतः मेंढरं बघायला आले होते.

माणूस सज्जन. उन्हानं घामाघूम झालेला. "कुठं आहेत जनावरं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच आबा बोलून गेले, "चरायला गेल्यात सायेब, माळावर." झालं. साहेब माळावर निघाले. मागं आम्ही. आमच्या मागं, बोलावल्याशिवाय, तानूआक्का.

माळावर मेंढरू एक नाही. पण साहेबांची नजर गेली कोरड्या तळ्यावर. "अरे, एवढी जनावरं तुमच्याकडं, आणि पाण्याची सोय नाही? लाज वाटत नाही तुम्हाला? इथं हौद घ्या ताबडतोब. मी आत्ता शिफारस लिहितो, वेगळा निधी मिळेल." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

आबांनी मला असा चिमटा काढला की महिनाभर वळ होता. तीन वर्षं अडकलेला हौद पेनाच्या टोकावर आला होता. मी आक्काकडं पाहिलं. म्हटलं, म्हातारे, आता तरी गप्प बस. देवासाठी गप्प बस.

"सायेब," आक्का म्हणाली, "मेंढरं न्हाईत."

"म्हणजे?"

"कागदावर हायत. ह्या भाऊसायेबानं चुकून धाडलीत. पंचायतीकडं एक बी मेंढरू न्हाई. माज्याकडं बी न्हाई. खोट्या मेंढरावर बांदल्याला हौद मला नगं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली ती मिळालीच. जीप गेल्यावर मी आक्कावर असा भडकलो की स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू येईना. "आक्का, हौद पाहिजे कुणाला होता? मला? हातातोंडाशी आलेला घास घालवलात तुम्ही!"

ती शांतपणे म्हणाली, "उद्या कोन म्हणंल ह्ये पाणी लबाडीचं हाय. पाण्यावर आळ नगं, भाऊसायेब." पण बोलताना ती त्या कोरड्या तळ्याकडंच बघत होती, हे मला तेव्हाही दिसलं होतं. माझा राग निम्म्यावर आला.

आबा तसे मनानं वाईट नाहीत. त्यांनी वाट काढली. आक्काचा मुलगा लांब दक्षिणेत सोनं गाळायच्या धंद्यात आहे. आमच्याकडची निम्मी पोरं त्यात आहेत, पैसा बरा मिळतो. आबा म्हणाले, "आक्का, लेकाला फोन करा. त्येला दहा मेंढरं म्हंजी काय? हौद बांदून टाकू. वर तुमच्या मालकाचं नाव घालू, फरशीवर, सोनेरी." आमच्या गावात देवळातल्या पंख्याच्या पातीवरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं. गरगर फिरताना वाचता येत नाही, तरी असतं. असं कुणी म्हटलं तर माणूस दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येतो.

आक्का भडकली. "माजा येक रुपाया त्यात गेला, तर घण घिऊन मीच त्यो हौद फोडीन! पंचायतीचा पायजे. समद्यांचा. आनी दसऱ्याच्या आत पायजे."

का, ते सांगेना. आम्ही म्हटलं, वय झालं, डोकं फिरलं. समजेल अशा भाषेत सांगायचा नियम तिनं सगळ्या जगाला लावला, स्वतःला मात्र लावला नव्हता.

मग आली ती मोठी ग्रामसभा. आबांचं एक स्वप्न होतं, वेशीवर स्वागत कमान. वर आजोबांचं नाव, दोन बाजूंना दोन हत्ती. त्या साली निधी एवढाच होता की एकतर कमान, नाहीतर हौद आणि उरलेल्यात शाळेचं छत. मी वाचलं, "स्वागत कमान, तीन लाख साठ हजार."

आक्काला विचारावंच लागलं नाही. अख्खी सभा एका सुरात ओरडली, "म्हंजी किती मेंढरं?"

"चाळीस," मी म्हणालो.

सभेत चुळबुळ झाली. चाळीस मेंढरं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला डोळ्यांपुढं दिसत होतं. पहाटे वाघराच्या जाळीतून बाहेर पडताना चाळीस मेंढरांचा आवाज कसा येतो, ते त्यांना माहीत होतं.

"आनी हौद?"

"दहा."

मागच्या ओळीतला म्हातारा उठला. "आबा, एक इचारतो, राग मानू नगा. चाळीस मेंढरं घिऊन ती कमान देणार काय?"

"गावाची शोभा..." आबा म्हणाले.

"लोकर?"

"न्हाई."

"लेंडी?"

"आरं गड्या, कमान हाय ती! लेंडी कुटनं देईल?"

"मग नगं," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. हात वर झाले. आबांनी चौफेर पाहिलं आणि शेवटी स्वतःचाही हात वर केला, कारण गावाच्या विरोधात जाणं त्यांच्या स्वभावात नाही. आक्का हसली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "दसऱ्याच्या आत व्हईल न्हवं?"

झाला. कारण रोज सकाळी ती घोंगडं टाकून कामावर बसायची आणि सिमेंटची पोती मोजायची. गवंड्यानं तंबाखू मळायला हात थांबवला की काठी वाजायची. तो मला म्हणाला, "भाऊसायेब, पैसं उशिरा द्या, पर ह्या म्हातारीला घरला न्या." हौद लांबरुंद झाला, शेजारी टाकी, टाकीला नळ. आणि नियमाप्रमाणं फलक. कामाचं नाव, निधी, रक्कम. शेवटची ओळ: 'देणगी – निरंक.'

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही. कुणी एक पैसा दिलेला नाही."

"मग ते मोट्टं ल्हिवा," आक्का म्हणाली. त्यामुळं आमच्या फलकावर गावाच्या नावापेक्षा 'निरंक' मोठं आहे. येणारा-जाणारा हसतो.

दसरा होऊन गेला. एका सकाळी दहाच्या सुमाराला आक्का कचेरीत आली. नवं हिरवं लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. काठी वाजली नाही, म्हणून मी मान वर केली. ती माझ्या टेबलापाशी उभी होती आणि पहिल्यांदाच शब्द शोधत होती.

"भाऊसायेब, एक काम हाय. हौदापाशी चला. येक माणूस यील. त्येला ती पाटी वाचून दावायची. त्येला वाचता येत न्हाई."

"तुम्हाला तोंडपाठ आहे की. तुम्हीच सांगा."

"माजं ऐकायचा न्हाई त्यो." ती बाकावर बसली. "माजा धाकटा भाव, धुळा. आमा दोगांची खांड एक हुती, दीडशे मेंढराची. मालक गेलं, पोरगं ल्हान. त्येला शाळंत घालायचं म्हणून मी माजी मेंढरं इकली आनी हितं ऱ्हायले. खांड मोडली. धुळा लय रडला, लय भांडला. म्हणला, बापानं राखल्याली खांड तू मोडलीस, तुज्या दारचं पाणी पिणार न्हाई. तीस वर्सं झाली. आदी निदान दर साली दसरा झाला की ह्या वाटनं जायाचा, लांबनं दिसायचा तरी. मग तळं आटलं. पाणी नसल्यावर खांड कशाला थांबंल? पलीकडच्या गावावरनं जातुया. औंदा त्येला छातीचं दुकणं निगालंया म्हणं. परवा एक खांड गेली, तिच्यासंगं सांगावा धाडला, माळाला पाणी झालंया. माजं नाव नगा घिऊ म्हणलं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माज्या पैशाचं आसतं तर त्येनं मेंढरास्नी बी तोंड लावू दिलं नसतं," ती म्हणाली. "लय इमानाचा हाय. मी तिथं नसंन. तुमी जावा."

मी गेलो. आधी माळावर धूळ उठली, मग घंटा ऐकू आल्या, मग सामानानं लादलेलं घोडं दिसलं आणि त्यामागं मेंढरं. तांबडं पागोटं बांधलेला, काटकुळा म्हातारा पुढं होता. पाण्याचा वास येऊन मेंढरं धावायला लागली. त्यानं तोंडानं एक आवाज काढला, तशी ती सगळीच्या सगळी हौदापासून दहा हातांवर थांबली. तहानेनं त्यांची तोंडं उघडी पडली होती.

"पाणी कुणाचं हाय?" त्यानं विचारलं.

मी फलक वाचला. वीस वर्षांत वाचला नव्हता तसा, एकेक शब्द सुटा करून. कामाचं नाव वाचलं, निधी वाचला, रक्कम वाचली. शेवटची ओळ वाचली आणि सांगितलं, "म्हणजे कुणाचा एक पैसा नाही."

"कुण्या बाईमाणसाचा बी?"

"नाही. पाणी गावाचं आहे. सगळ्यांचं."

त्यानं फलकावरच्या सगळ्यात मोठ्या शब्दावर एकदा हात फिरवला. मग त्यानं परत आवाज काढला आणि मेंढरांनी हौदाला तोंडं लावली.

तेव्हा मला आक्का दिसली. येणार नाही म्हणाली होती, पण लिंबाच्या झाडामागं उभी होती. हिरवं लुगडं काय झाडामागं लपतंय! धुळाला ते माझ्याही आधी दिसलं असणार. त्यानं घोड्यावरच्या गाठोड्यातून अॅल्युमिनियमचा तांब्या काढला, नळाखाली घासून धुतला, भरला आणि उभ्यानं पिऊन टाकला. तांब्या परत भरला. तो हातात घेऊन तो लिंबाकडं चालत गेला आणि आक्कापुढं धरला.

"घे, पी. गावाचं हाय."

देवाला, कंडक्टरला आणि सरपंचाला गप्प बसवणाऱ्या त्या बाईनं या वेळी कलम चार काढलं नाही. तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि प्यायला लागली. इतक्या घाईनं प्यायली की निम्मं पाणी नव्या लुगड्यावर सांडलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आवरेना.

धुळा झाडाखाली मातीत बसला. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मेंढरांकडं बघत त्यानं विचारलं, "पोरगं कसं हाय गं तुजं?"

आक्का त्याच्या शेजारी बसली. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता कचेरीकडं निघालो.